यीस्टची भिंत

जबलपुरात सकाळी पोह्यांबरोबर जिलेबी खाण्याची चाल आहे. कमानिया फाटकाच्या परिसरातील खव्याच्या जिलेबीची कीर्ती दूरवर पोचलेली असली, तरी रोजची जिलेबी मैद्याचीच असते, आणि तिचे पीठ आदल्या दिवशी भिजवून आंबवीत ठेवावे लागते. सकाळपर्यंत ते पीठ फुगून वर येते व त्यावर बुडबुडे दिसू लागतात. गोव्यातील पाववाले पूर्वी माडाची ताडी घालून पाव फुगवीत. मंडला-डिंडोरीच्या रानात मोहाची वाळलेली फुले पाण्यात भिजत टाकली, की थोड्याच दिवसांत त्यांतील साखरेचे मद्य होऊ लागते. या तिन्ही ठिकाणी राबणारा एक मजूर समान आहे, आणि तो म्हणजे यीस्ट. जिलेबीच्या पिठात त्याच्या जोडीला दह्याच्या जातीचे जंतू असतात एवढेच.

यीस्ट साखर खाते आणि तिचे मद्यार्कात व कार्बन डाय-ऑक्साइड वायूत रूपांतर करते, हे आता शाळेतील मुलांनाही शिकवले जाते. परंतु हा मजूर राहतो कसा, हे क्वचितच सांगितले जाते. यीस्टचा प्रत्येक जीव एकपेशीय असतो. त्याचा व्यास सुमारे पाच मायक्रॉन, म्हणजे दोनशे पेशी एका ओळीत मांडल्या तर एक मिलिमीटर भरेल. एवढ्याशा देहाभोवती एक भिंत असते, आणि ती त्याने स्वतः बांधलेली असते. ही भिंत तो कशी बांधतो, कशी राखतो आणि तिच्या आधाराने आपला आकार कसा टिकवतो, हे आज पाहावयाचे आहे. आपल्या इस्पितळांतील एका बिकट प्रश्नाचा संबंधही याच भिंतीशी आहे.

भिंत कशासाठी?

मनुका पाण्यात टाकल्या म्हणजे फुगतात हे गृहिणींना सांगावयास नको. मनुकेच्या आत साखर दाटलेली असते, आणि पाण्याचा स्वभाव असा की पातळ बाजूकडून दाट बाजूकडे पटलातून शिरावयाचे. प्रत्येक सजीव पेशीच्या आत क्षार, शर्करा, प्रथिने यांची अशीच दाटी असते. म्हणून पेशी शुद्ध पाण्यात पडली की पाणी आत घुसू लागते.

आपल्या रक्तातील तांबडी पेशी साध्या पाण्यात सोडली तर ती फुगते आणि क्षणार्धात फुटते. रुग्णाच्या शिरेत द्रव सोडावयाचा असतो तेव्हा साधे शुद्ध पाणी न वापरता शेकडा ०.९ प्रमाणाचे मिठाचे द्रावण वापरतात, त्याचे कारण हेच. यीस्टची पेशी मात्र त्याच शुद्ध पाण्यात सुखरूप राहते. पाणी तिच्याही आत शिरते आणि तिचे नाजूक पटल बाहेरच्या बाजूस ढकलू लागते. परंतु पटलाबाहेर भिंत उभी असते आणि ती त्याला थोपवून धरते. जुन्या तऱ्हेच्या फुटबॉलमध्ये रबरी फुगा आत आणि चामड्याचे कवच बाहेर असे. फुगा एकटा भरत गेला असता तर फुटला असता, आणि कवच एकटे असते तर लोळागोळा होऊन पडले असते. दोघे मिळून चेंडू टणक होतो. यीस्टचेही तसेच आहे. आतील दाब आणि बाहेरील भिंत यांच्या परस्परविरोधातून तिचा घाट सिद्ध होतो. हा दाब निरनिराळ्या पद्धतींनी मोजण्यात आला आहे. तो निदान मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाइतका तरी भरतो.

लोणच्यात भरपूर मीठ व मुरंब्यात भरपूर साखर का घालावयाची, याचाही उलगडा येथेच होतो. बाहेर दाट द्रावण असले की पाणी उलट पेशीतून बाहेर पडते आणि भिंतीसकट पेशी आक्रसते. यीस्ट मात्र सहजासहजी हार मानत नाही. ते आपल्या आत ग्लिसरिन साठवू लागते व गेलेले पाणी परत ओढून घेते. काही जातींना ही युक्ती इतकी साधली आहे, की त्या साखरेच्या पाकातही वाढतात आणि कच्चा राहिलेला मुरंबा फसफसू लागतो.

आकार ही केवळ रूपाची गोष्ट नव्हे, हे जबलपूरसारख्या ठिकाणी विशेष समजून सांगावे लागत नाही. येथे १९८४ साली आदिवासींच्या आरोग्याच्या संशोधनासाठी स्थापन झालेली, आज राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था आहे, आणि सिकलसेल हा तिच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय आहे. या रोगात रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रोग्याला असह्य वेदना देतात. या रोगाच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी जवळच्याच शहडोल येथून सुरू झाले. रक्तपेशीला भिंत नसते. तिचा घाट पटलाच्या आतून विणलेल्या प्रथिनांच्या जाळीने राखला जातो, आणि आतील हिमोग्लोबिन कांड्यांसारखे गोठले की ती जाळी निरुपाय होते. यीस्टने आपला घाट बाहेरून राखला आहे. प्रश्न एकच, पण उत्तरे दोन आहेत.

साखरेचा चुना, साखरेच्या विटा

ही भिंत कशाची बनलेली असते? मुख्यत्वेकरून साखरेची. ग्लुकोजचे कण एकापुढे एक जोडत गेले की लांब साखळी तयार होते. परंतु जोड कोणत्या ठिकाणी द्यावयाचा यावर त्या साखळीचे गुण अवलंबून असतात. एका तऱ्हेने जोडले तर तांदळातील पिष्ट होते, जे आपण पचवतो. दुसऱ्या तऱ्हेने जोडले तर कापसाचा तंतू होतो, जो आपल्याला पचत नाही. यीस्ट तिसरी तऱ्हा योजते. तिच्यातून मळसूत्रासारखी पिळदार, ताणली असता लांबणारी आणि सोडली असता आखडणारी साखळी निर्माण होते. तिला बीटा-ग्लुकन म्हणतात. यीस्टच्या भिंतीचा सुमारे निम्मा भाग याच द्रव्याचा असतो आणि भिंतीचे बळ त्यातच आहे.

ग्लुकनाच्या या आतील थरावर बाहेरून दुसरा थर असतो. तो प्रथिनांचा असून त्या प्रथिनांवर मॅनोज नावाच्या साखरेच्या घनदाट शाखा असतात. हा गिलावा म्हणावयाचा. बाहेरून येणाऱ्या मोठ्या रेणूंना तो अडवतो, आणि आतील ग्लुकन परक्याच्या दृष्टीस पडू देत नाही. तिसरे द्रव्य कायटिन. खेकड्याची पाठ, कोळंबीचे कवच आणि झुरळाचे पंख ज्याचे बनतात तेच हे द्रव्य. भिंतीत त्याचे प्रमाण शेकडा एक-दोनच असते, परंतु त्याच्यावाचून यीस्टचे पान हलत नाही.

पाच मायक्रॉनच्या पेशीची भिंत एक दशांश ते दोन दशांश मायक्रॉन जाडीची असते. पेशी म्हणजे पाच मीटर रुंदीची खोली अशी कल्पना केली, तर भिंत दहा ते वीस सेंटिमीटर जाडीची होईल; आपल्या घरांच्या विटांच्या भिंतींशी हे प्रमाण जुळते. वाळवलेल्या यीस्टच्या वजनात शेकडा पंधरा ते तीस हिस्सा एकट्या भिंतीचा असतो. जो जीव आपल्या मिळकतीचा एवढा वाटा भिंतीवर खर्च करतो, त्याला ती किती मोलाची वाटत असेल!

गवंडी आत, भिंत बाहेर

बांधकामाचे साहित्य कसे तयार होते, याचा पहिला धागा आर्जेंटिनात सापडला. ब्यूनोस आयर्स येथील लुईस लेलोआर आणि त्यांचे सहकारी यीस्टमध्ये साखरेचे काय होते हे पाहत असताना, १९५० च्या सुमारास, त्यांना ग्लुकोजचे एक नवे संयुग मिळाले. साखरेचा कण एका ‘मुठी’ला जोडून कामासाठी सज्ज ठेवलेला असावा, तसे ते होते. या शोधमालिकेसाठी लेलोआर यांना १९७० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याजवळ काम केलेले एन्रिको काबिब पुढे अमेरिकेत गेले आणि त्यांनी कित्येक दशके यीस्टच्या कायटिनाचा अभ्यास केला.

ग्लुकन विणणारे विकर, म्हणजे एन्झाइम, पेशीच्या पटलातच बसलेले असते. आतल्या बाजूने ते मुठीसकट साखर घेते आणि विणलेली साखळी पटलाबाहेर सोडते. गवंडी घरात उभा आहे आणि भिंत घराबाहेर चढते आहे, असा हा प्रकार आहे. मॅनोजची प्रथिने मात्र आत तयार होऊन सूक्ष्म पुटिकांत भरली जातात व पटलापर्यंत वाहून नेली जातात. या वाहतुकीचे नियम यीस्टच्याच अभ्यासातून उलगडणारे रँडी शेकमन २०१३ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते.

भिंत नाहीशी केली तर काय होईल, हेही शास्त्रज्ञांनी करून पाहिले आहे. गोगलगाय पालापाचोळा पचवते; तिच्या जठररसात भिंती विरघळवणारी विकरे असतात. तो रस यीस्टवर घालून १९५७ साली इंग्लंडमधील एडी आणि विल्यमसन यांनी नागड्या पेशी वेगळ्या केल्या. लांबट पेशीही भिंत जाताच वाटोळी होते, आणि साध्या पाण्यात तर ती फुटून जाते. दाट द्रावणात मात्र ती जगते. त्याच सुमारास चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो येथे ओल्दरिख नेचास यांनी दाखवून दिले, की अशा नागड्या पेशींना जिलेटिनसारख्या घट्ट माध्यमाचा आसरा दिला, तर त्या नवी भिंत विणतात आणि पुन्हा पूर्ववत यीस्ट होतात. भिंत गेली तरी तिचा आराखडा पेशीपाशी शाबूत असतो.

लेक वेगळी होते तेव्हा

येथे एक अडचण उभी राहते. मदनमहालची भिंत गोंड राजांच्या काळी एकदा उभी राहिली आणि अजून तशीच आहे, कारण तिला वाढावयाचे नसते. यीस्टला तर वाढावयाचे आहे आणि आतून दाबही सोसावयाचा आहे. भिंत सैल केल्याविना वाढ होत नाही, आणि ती गरजेहून अधिक सैल झाली तर पेशी फुटते.

यीस्ट यातून वाट काढते ती अशी. ते सगळी भिंत एकदम सैल करीत नाही. एकच जागा निवडते. तेथे पटलाच्या आतून प्रथिनांचे एक कडे बसवले जाते. पेशीतील सूक्ष्म तंतू त्या जागेकडे वळतात, आणि रुळांवरून मालगाड्या याव्यात तशा साहित्याने भरलेल्या पुटिका तेथे येऊ लागतात. एकीकडे जुने ग्लुकन कातरले जाते व दुसरीकडे नवे विणले जाते. त्या जागी एक फुगवटा दिसू लागतो, तो मोठा होतो, आणि तीच यीस्टची लेक. जागा निवडणारे व कडे बसवणारे घटक सापडले ते बिघडलेल्या यीस्टचा अभ्यास करता करता. त्या मार्गावरचे एक अग्रणी लेलंड हार्टवेल यांना २००१ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

लेक वाढली की तिच्या व आईच्या मध्ये पडदा घालावा लागतो. येथे कायटिनाची पाळी येते. मानेभोवती आधीच कायटिनाचे वलय असते; आता आतून कायटिनाचा पातळ पडदा पुरा होतो, आणि त्याच्या दोन्ही अंगांना ग्लुकनाचे जाड थर चढतात. मग लेकीच्या बाजूने एक विकर येते व तो पडदा विरघळवते. दोघी वेगळ्या होतात. लेकीच्या अंगावर जवळजवळ काही खूण राहत नाही. आईच्या भिंतीवर मात्र कायटिनाचा वाटोळा व्रण कायमचा राहतो. त्या व्रणावर पुन्हा लेक येत नाही. एक आई साधारणपणे वीस ते तीस लेकी देते, आणि तितके व्रण अंगावर वागवून थकते. हे व्रण पाहण्यासाठी प्रयोगशाळेत जे द्रव्य वापरतात, ते कपड्यांना शुभ्रता आणणाऱ्या टिनोपालच्या जातीचे आहे. ते कायटिनाला चिकटते आणि अतिनील प्रकाशात निळे झळकते. त्या उजेडात यीस्टचे वय मोजता येते.

पहारा आणि डागडुजी

एवढे करूनही धोका टळत नाही. उष्णता, रसायने, अचानक झालेला पाऊस यांनी भिंतीवर ताण येतो. त्यासाठी पटलातून भिंतीत शिरलेली काही प्रथिने पहाऱ्यावर असतात. ताण जाणवताच ती आत वर्दी देतात. ती वर्दी एकाकडून दुसऱ्याकडे जात पेशीच्या केंद्रापर्यंत पोचते, आणि दुरुस्तीच्या साहित्याचे हुकूम सुटतात. ग्लुकन कमी पडत असले तर कायटिन कितीतरी पटींनी वाढवले जाते. शेकडा एक-दोनवरून ते शेकडा वीसपर्यंतही गेलेले आढळले आहे. एक खांब खचला की दुसऱ्यावर भार घ्यावयाचा, ही जुन्या घरधन्याची रीत यीस्टलाही ठाऊक आहे.

आकार बदलणारे शत्रू

आतापर्यंत आपण पावाच्या उपकारक यीस्टविषयी बोललो. त्याचे काही सगेसोयरे मात्र रोगकारक आहेत. तान्ह्या मुलाच्या तोंडात दह्यासारखे पांढरे चट्टे उठतात ते कॅन्डिडा नावाच्या यीस्टचे. निरोगी माणसाच्या अंगावर ती निमूट राहते. प्रतिकारशक्ती खालावली, मधुमेह बळावला, किंवा अतिदक्षता विभागात दीर्घकाळ पडून राहण्याची वेळ आली, म्हणजे ती डोके वर काढते. तेव्हा ती आपला घाटही बदलते. वाटोळी पेशी लांब धाग्यासारखी वाढू लागते आणि ऊतींत घुसते. मानवी रक्तरसात ३७ अंश सेल्सिअस तापमानावर दोन-तीन तास ठेवले असता असे कोंब फुटतात की नाहीत, हे पाहून रोगनिदान प्रयोगशाळांत तिची ओळख पटवली जाते.

वाटोळे राहावयाचे की धागा व्हावयाचे, हे कशावर ठरते? या प्रश्नावर महाराष्ट्रात मोलाचे काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. त्याच प्रयोगशाळेत डॉ. मुकुंद देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंजामिनिएल्ला नावाची एक निरुपद्रवी बुरशी निवडली, जी परिस्थितीनुसार कधी यीस्टसारखी, तर कधी धाग्यांसारखी वाढते. तिचे कायम यीस्टच्याच रूपात राहणारे भेदही त्यांनी मिळवले, आणि मूळ बुरशी व हे भेद यांच्या भिंतींचे रसायन १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात पडताळून पाहिले. रोगकारक जीव हाताळण्याचा धोका न पत्करता आकारबदलाचे मर्म शोधण्याचा हा शहाणपणाचा मार्ग होता. ही बुरशी ‘काळ्या बुरशी’च्याच गणातील आहे, ही गोष्ट पुढे विशेष अर्थपूर्ण ठरली.

औषधाचा नेम

जंतूंवर अनेक औषधे आहेत, मग बुरशीवर इतकी थोडी का? कारण बुरशी आपल्या जवळची नातलग आहे. तिच्या पेशीचा अंतर्भाग आपल्या पेशीसारखाच असल्याने, तिला मारणारे विष आपल्यालाही बाधते. फरकाच्या जागा शोधूनच घाव घालावा लागतो. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात डॉ. थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये जगापुढे आणलेले हॅमायसिन अशाच एका फरकावर बेतलेले आहे. त्याचे नावही कारखान्याच्या आद्याक्षरांवरून पडले. ते बुरशीच्या पटलातील अर्गोस्टेरॉलला बांधले जाते. परंतु पटल आपल्यालाही असतेच, म्हणून या कुळातील औषधे जपून द्यावी लागतात.

भिंत मात्र आपल्याला मुळीच नाही. ग्लुकन विणणाऱ्या विकरावरच घाव घालणारे कॅस्पोफंजिन हे औषध अमेरिकेत २००१ साली मान्य झाले. त्याचे मूळ द्रव्य स्पेनमधील लोसोया नदीच्या खोऱ्यात सापडलेल्या एका बुरशीतून मिळाले होते. ग्लुकन विणणे थांबते, भिंत दुबळी होते आणि यीस्ट स्वतःच्याच दाबाने फुटते. आपल्या पेशींत ते विकरच नसल्यामुळे रोग्याला त्रास कमी होतो.

पण शत्रूही स्वस्थ बसत नाही. ते विकर अगदी किंचित बदलले की औषध त्याला धरू शकत नाही. आणि ग्लुकन अडले की कायटिन वाढवण्याची ती जुनी डागडुजीही चालू होते. २००९ साली जपानमध्ये प्रथम वर्णिलेली कॅन्डिडा ऑरिस ही यीस्ट भारतातील रुग्णांतही असल्याचे दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील डॉ. अनुराधा चौधरी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. तिच्यावर अनेक औषधे चालत नाहीत, आणि ती इस्पितळातील खाटा व उपकरणे यांवर दीर्घकाळ तग धरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये घातक बुरशींची पहिली यादी प्रसिद्ध केली, तिच्या सर्वांत वरच्या गटात ही यीस्ट आहे.

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेबरोबर काळ्या बुरशीचा आजार महाराष्ट्र व मध्य प्रदेशात फैलावला, आणि जबलपूरच्या नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही त्याचे रुग्ण दाखल झाले. त्या बुरशीच्या भिंतीची घडण निराळी. तिच्यात कायटिन व त्याच्यापासून बनणारे कायटोसान यांचा भर अधिक, म्हणून ग्लुकनावर नेम धरणारी औषधे तिच्यावर फारशी चालत नाहीत. डॉक्टरांना पटलावर काम करणाऱ्या जुन्या अँफोटेरिसिनकडेच वळावे लागले, आणि त्या दिवसांत देशभर त्याची टंचाई झाली. एका भिंतीत कोणते द्रव्य किती आहे, हा प्रश्न तेव्हा रुग्णाच्या नातलगांच्या दारी येऊन ठेपला होता.

म्हणून घरच्या माणसांनी एवढे अवश्य ध्यानात ठेवावे. बुरशीवरील औषध डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये, आणि सुरू केलेले मध्येच सोडू नये. अर्धवट औषध शत्रूला भिंत बदलण्यास उसंत देते. मधुमेह आटोक्यात ठेवावा. इस्पितळात रुग्णाला भेटावयास जाताना व परतताना हात स्वच्छ धुवावेत. तान्ह्या मुलाच्या तोंडातील चट्टे खरवडून काढू नयेत, डॉक्टरांना दाखवावेत.

१६६५ साली रॉबर्ट हुक याने बुचाच्या लाकडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्याला दिसल्या त्या नुसत्या रिकाम्या भिंती. त्यांवरूनच त्याने ‘लहान खोली’ या अर्थाचे नाव पेशीला दिले. त्या भिंती मेलेल्या होत्या. यीस्टची भिंत जिवंत आहे. ती रोज कातरली जाते, रोज विणली जाते. जिलेबीच्या पिठात ती आपल्या कामी येते आणि रोग्याच्या रक्तात आपल्या आड येते. दोन्हीकडे बांधकामाची रीत तीच असल्यामुळे, पावाच्या निरुपद्रवी यीस्टवर शिकलेले ज्ञान उद्या एखाद्या रुग्णाच्या उशाशी उपयोगी पडते.